चुलीला राजवाडा म्हणणार नाही

मार्चातल्या टळटळीत दुपारी, उत्खननाच्या तंबूत वैजयंतीचा डोळा लागतो न लागतो तोच बाहेर कोणीतरी खाकरतं. ते खाकरणं ठोसर सरांचं. तिला पुरातत्त्व शिकवलं ते यांनीच, आणि गेल्या दिवाळीत स्मशानापर्यंत त्यांना पोचवून आली तीही हीच.

"सर, तुम्ही गेलात ना?"

"गेलो तर गेलो. आधी खड्डा दाखव."

तंबूचा पडदा सरतो आणि दोघं विद्यापीठाच्या व्हरांड्यात चालत असतात. फरशीवर जुन्या वस्तीची भुरकट पांढरी माती पसरली आहे. वर्गाचं दार उघडावं तर बाकांच्या जागी तिचं उत्खनन: सारवलेली जमीन, एक चूल, शेजारी धान्याचं पेव आणि त्याच्या तळाशी जळके हुलगे.

"छान आहे की," सर उकिडवे बसतात. "मग तोंड का पाडलंस?"

"संध्याकाळी पत्रकार येताहेत. खणायला पैसा बापूसाहेबांच्या संस्थेचा, जागाही त्यांचीच. ते म्हणतात, राजवाडा सापडला असं सांगा, नाहीतर काम बंद. आपण खणतोय ते टेकाड सपाट करून मंगल कार्यालय बांधणार."

"आणि तू?"

"मी एवढंच म्हणणार, की राजवाडा असण्याची शक्यता नाकारता येत नाही."

सर ठसका लागेपर्यंत हसतात. "वा! मग विमानतळाचीही नाकारू नकोस. आपली रीत काय, वैजू?"

"आधी दिसतं ते सांगायचं. वाटतं ते मागाहून."

"मग काय दिसतं?"

वैजयंती चिडते. मेलेल्या माणसानंही परीक्षा घ्यावी म्हणजे कमालच. तरी ती चुलीच्या कडेवरून बोट फिरवते. "सारवणाचे थर. एकावर एक. मोजता येत नाहीत इतके."

"म्हणजे कोणीतरी बाई रोज सकाळी इथे बसत होती. तिच्यामागून तिची सून. राजे आपली नावं दगडावर कोरून घेतात, ते आपल्यावाचून अडून बसलेले नाहीत. हिचं कोण सांगणार? सोनं काढायला काय, चोरही खणतात!"

"टेकाड जाईल, सर." तिला रडू फुटतं.

"जाईलही. ते वाचवायला मी आलेलो नाही. पण राजवाडा म्हणालीस, तर उद्या तो शोधायला हीच चूल फोडून खाली जातील. मग वाचवलंस काय?"

"तुम्हाला बोलायला काय जातं? तुम्ही मेलात!"

"हो, मेल्यावर बरंच सोपं होतं," सर निवांतपणे म्हणतात.

आता सरांच्या नागपूरच्या घरातलं स्वयंपाकघर आहे. ओट्याखाली तीच चूल, पण धडधडून पेटलेली. सर तव्याच्या बुडाला बोट लावतात आणि तान्ह्या पोराला लावावी तशी तिच्या गालावर काजळीची तीट लावतात. बोट चांगलंच गरम आहे.

"जा. आता कोणाची दृष्ट लागायची नाही."

उन्हं कलली असताना जीपचा हॉर्न वाजतो. वैजयंती दचकून उठते, तोंडावरचा घाम न पुसताच बाहेर येते. समोर बापूसाहेब, कडक इस्त्रीत.

"मॅडम, मंडळी आली. तेवढं राजवाड्याचं..."

"राजवाडा नाही. चूल आहे."

"चूल बघायला कोण येणार? विचार करा. उद्यापासून काम बंद पडेल."

"पाडा. पण आज पत्रकारांना मी चूलच दाखवणार. सगळे थर सांगणार. आणि अशा घरावर बुलडोझर कोण फिरवणार आहे, तेही सांगणार."

बापूसाहेबांची नजर तिच्या गालावर जाते. ते खिशातून रुमाल काढून तिला देतात. "गालाला काळं लागलंय."

ती बोट लावते. बोटावर काजळी येते. तंबूत स्वयंपाक गॅसवर होतो, आणि खणलेल्या चुलीत नुसती माती आहे. गाल अजून चुरचुरतो आहे.

"राहू द्या," ती रुमाल परत करते आणि तशीच पत्रकारांसमोर जाऊन उभी राहते.