सुधाकरकाकाचं बोट

हे मी कोणालेच सांगतलं नाही. नवऱ्याले नाही, मायलेही नाही. तुमाले काहून सांगून राह्यली, तेही मले धड माहीत नाही.

पह्यले एक कबूल करते. आमच्या केनवडच्या पोरींमधी प्रोग्राम लिहिणारी पह्यली मी. त्याचा गर्व होता मले — होता कशाले, अजूनही आहे. शेलूबाजारच्या एका बियाणे केंद्रात लागली, अन् दोन महिन्यांत तिथलं रजिस्टर काँप्युटरवर आणलं. काळ्या पडद्यावर चालणारा साधा प्रोग्राम, पण माहा! कोणत्या शेतकऱ्यानं कोणत्या वावरात बियाण्याचं सोयाबीन पेरलं, त्याची सारी यादी त्याच्यात. साहेब येणाऱ्या-जाणाऱ्याले बोलावून दाखवत, अन् मी बाजूले उभी, फुगून.

तो प्रोग्राम चालवत सुधाकरकाका. पन्नाशी पार केलेला माणूस, टायपिंगची परीक्षा पास. खाली न पाहता मराठी टाइप करत. चष्मा पुसत म्हणत, माहं बोट चुकत नाही बाप्पा. खरंच चुकत नव्हतं.

प्रोग्राम सुरू केला की इंग्रजीत इचारे — जुनी यादी पुसून टाकायची का? y नाहीतं n. काका रोज n दाबत. अन् हे मी तपासलं कसं होतं? एकदा y दाबून पाह्यला, यादी पुसल्या गेली. एकदा n दाबून पाह्यला, राह्यली. झालं! साहेबाले छाती ठोकून सांगतलं, पक्कं तपासलं. आत लिहिलं होतं : n आला तं नाही, दुसरं काहीही आलं तं हो. दुसरं येऊन येऊन काय येणार?

एक दिवस यादी गेली. सारीच गेली. नक्कल ठेवायचं काम माहं होतं, तेही मी केलं नव्हतं. काका एकच म्हणत होते, "मी n च दाबला."

जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्या खुर्चीवर बसली. शेतकऱ्यायले मराठीत पत्रं टाइप करता करता कीबोर्ड मराठीवरच राह्यला होता. n ची कळ दाबली — पडलं मराठी अक्षर. काळ्या पडद्यावर ते नुसतं चौकोनासारखं दिसे, काकाले काय कळणार? प्रोग्रामनं पाह्यलं, हे काही n नाही. म्हणजे हो.

समजलं न तुमाले? सारं माहीत झाल्यावर मी साहेबापुढं गेली. अन् म्हटलं, "प्रोग्राम बराबर आहे. काकाचं बोट चुकलं असंल."

काका तिथंच उभे होते. त्यायनं माह्याकडं पाह्यलं, मंग आपल्या बोटाकडं.

पुढचे पंधरा दिवस ते जीपनं शिरपूरपासून गावोगाव फिरून नावं पुन्हा लिहून आणत होते. मंग साहेबानं त्यायले पोते शिवायच्या कामावर टाकलं. मी तवरोक गुपचूप दोन ओळी बदलल्या. आता साफ y आल्याबिगर काहीच पुसल्या जात नाही.

आज मी वाशिमले पोराईले हेच शिकवते. y द्या, n द्या, मोठा Y द्या, रिकामं एंटर मारा, अन् मराठी अक्षर टाकून पाहा. ते म्हणतात, म्याडम, हे तुमाले सुचते तरी कसं? मी हासते. अन् खोटं काहून बोलू — छाती फुगते. चाचणी चांगलीच आहे ते.

मागच्या महिन्यात काका शेलूबाजारच्या स्टँडवर भेटले. खुशीनं बोलले, लेकराबाळाईचं इचारलं. मंग मोबाईल पुढं केला. कशाची तरी परवानगी मांगून राह्यला होता तो, हो का नाही. "मले नाही द्याची," म्हणे. "पण पोरी, तू पाहून घे. माहं बोट चुकते."

मी पाह्यलं. बोट बराबर 'नाही'वरच होतं.

म्हटलं, बराबर आहे काका, दाबा. एवढंच म्हटलं.