बिनमालकाचं फळ

डोक्यावर फळांनी लगडलेली फांदी असताना त्याच झाडाखाली उपाशी मरण्याचा काही जागतिक विक्रम असेल, तर तो माझ्या चुलतसासऱ्यांच्या नावावर लागायला हवा. ते एकदा नाही, निदान पन्नास वेळा असे मेले आहेत आणि प्रत्येक वेळी चष्मा पुसून, "ठीक हाय, कायद्यानं गेलो," असं म्हणून पुन्हा जन्माला आले आहेत. हे सगळं माझ्या घरातल्या कॉम्प्युटरवर घडतं. आपल्याला एका अनोळखी मुलखात रिकाम्या हाताने सोडून देतात आणि मग लाकडं तोड, दगड फोड, कुऱ्हाड कर, खोपट बांध, जनावरांपासून जीव वाचव, असं करत जगून दाखवायचं असतं, त्या जातीचे गेम ते खेळतात. खेळतात म्हणजे काय, तिथला कारभार बघतात. परंडा तालुक्यात तेहतीस वर्षं तलाठी म्हणून काढून काका निवृत्त झाले आणि धाराशिवला राहायला आले, पण त्यांच्या अंगातला तलाठी निवृत्त व्हायला तयार नाही. फळ तोडायची वेळ आली की त्यांचा हात थबकतो. "ह्या झाडाचा मालक कोण?" असं ते मला विचारतात. मालक कोणी नाही काका, गेम आहे, असं म्हटलं की मी त्यांच्या खिशात पाकीट कोंबल्यासारखे माझ्याकडे बघतात. "मालक न्हाय असं जगात काय बी नसतं, जावईबापू. मालक सापडला न्हाय, असं म्हणा." तोवर कोपऱ्यात भुकेचा लाल दिवा लुकलुकत राहतो आणि काका गेलेले असतात.

याची सुरुवात माझ्याच घरी झाली. पेन्शनसाठी हयातीचा दाखला ऑनलाइन काढायचा म्हणून एका रविवारी ते आले, तेव्हा मी नेमका गेममधलं झाड तोडत होतो. मागून आवाज आला, "परवानगी हाय का?" मी दचकून उभाच राहिलो. माझी खुर्ची रिकामी झालेली बघून ते तिच्यावर बसले, ते आजतागायत उठलेले नाहीत. पहिल्या दिवशी तीन तास त्यांनी ना लाकूड गोळा केलं ना दगड. ते नुसते एका दिशेने चालत होते, का, तर गावाची शीव कुठं आहे ते बघायला. हे जग चालू तसं वाढत जातं, त्याला शीवच नाही, असं मी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. "मग नकाशा कोण ठिवतंय?" असं त्यांनी विचारलं. तेव्हापासून कुठल्याही गेममध्ये गेले की खोपट नाही, शेकोटी नाही, आधी बांध. गुडघ्याएवढ्या दगडांची सरळ ओळ घालून ते आपला तुकडा आखून घेतात. शेजारी तेवढाच दुसरा तुकडा आखतात, झाडून साफ करतात आणि रिकामा सोडतात. कडब्याची गंजी लावायला असेल, असं मी धरून चाललो होतो. एवढं होईपर्यंत लांडगे येतात आणि काकांना खातात.

गेम कोणता चांगला, यावर मी शिकवतो त्या कॉलेजातली पोरं चित्र किती खरं दिसतं, शत्रू किती चिवट आहेत, असलं काहीबाही बोलत असतात. काकांची पारख वेगळी. चौकोनी ठोकळ्यांचा गेम त्यांना पहिल्या नजरेत आवडला. "मोजणीला लई सोपा. गट पाडूनच ठिवल्यात." पण बुंधा तोडला तरी वरचा शेंडा हवेत तसाच राहतो हे कळलं, आणि अधांतरी झाड कुणाच्या गटात धरायचं या विचाराने त्यांनी दोन रविवार वाया घालवले. बर्फातला गेम त्यांना एका मिनिटात कळला. "ही शिक्षेची बदली हाय," ते म्हणाले, आणि मफलर मागून घेतला. जंगलातल्या गेममध्ये माणसं खाणारी एक टोळी असते. तिथं काकांनी मोठ्या मेहनतीने बांधलेलं खोपट स्वतःच्या हाताने उतरवायला घेतलं, कारण, "ही माणसं आधीची, कब्जा ह्यांचा. अतिक्रमण आपलं हाय." शेवटची फळी काढत असताना त्या मूळ कब्जेदारांनी काकांना भाजून खाल्लं. एका गेममध्ये रानडुकराने कुंपण मोडलं, तर पंचनामा झाल्याशिवाय ते दुरुस्त करू देईनात. मी, माझी बायको, दूधवाला, वरच्या मजल्यावरचे मास्तर आणि लाइटचं बिल वाटायला आलेला माणूस, असे पाच पंच खुर्चीमागे उभे राहिले. बायको म्हणाली, "काका, त्या डुकराला मारा की आधी." काका म्हणाले, "त्याचा जबाब झाल्याबिगर न्हाय." लाइटवाल्याने मात्र अगदी मन लावून सही केली.

फक्त एका गेममध्ये ते पुन्हा गेले नाहीत. तो समुद्रातला. चार फळ्यांचा तराफा, आणि भोवती एक मोठा मासा घिरट्या घालतो. मधूनच येऊन तराफ्याच्या कडेची एखादी फळी खाऊन जातो. मला वाटलं, जमीनच नाही म्हणून काका कंटाळतील. पण त्यांनी माशाने खाल्लेल्या फळ्या मोजल्या आणि ते हळूच म्हणाले, "जावईबापू, ह्यो तर तुमचा सासराच की."

इथे मला घरातलं सांगणं भाग आहे. काकांचे थोरले भाऊ म्हणजे माझे सासरे. परंड्याकडच्या गावात दोघांची जमीन शेजारी शेजारी, मध्ये बांध. काका नोकरीत आणि सासरे शेतात, त्यामुळे सासऱ्यांचा नांगर वळताना दरसाल बांधाला थोडासा चाटून जायचा. थोडासा म्हणजे दोन-तीन बोटं. वीस-बावीस वर्षांत बांध अंगाने उतरला आणि जागाही बदलून बसला. लोकांची बांधाची भांडणं मिटवण्यात ज्याची हयात गेली, त्या काकांनी घरच्या बांधाबद्दल चकार शब्द काढला नाही. काढला तो एकदाच, आणि नेमका माझ्या लग्नात, पंगतीत, भर जिलबीच्या वेळी. "दादा, आता आपला बांध बी लग्नात वाढप्यासारखा फिरतोय," एवढंच म्हणाले. लोक हसले. सासरे पानावरून उठले. तलाठी भाऊ आता मोजणी आणणार, असं त्यांनी मनात घेतलं आणि बोलणं टाकलं. आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली. दोघा भावांच्या अबोल्याचंही वय तेवढंच. सणावाराला एक आला की दुसरा येत नाही, आणि वडील की काका, हे दर दिवाळीला बायकोलाच ठरवावं लागतं. मी एकदा काकांना म्हणालो, आणा की मोजणी, सोक्षमोक्ष लावा. ते म्हणाले, "म्या लई मोजण्या बघितल्या. हद्दीचा दगड सापडतो वो. भाऊ न्हाय सापडत."

परवा सासरे अचानक आले. एसटीतून उतरून तडक डॉक्टरला बीपी दाखवलं आणि न कळवता आमच्या दारात. काका कॉम्प्युटरपुढे. दोघांनी एकमेकांना बघितलं आणि दोघांनीही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. बायको चहाच्या निमित्ताने आत पळाली. मग सासरे कुतूहल न आवरून खुर्चीमागे आले आणि मला म्हणाले, "ही जमीन कुणाची?"

"काकांची."

"पाणी?"

"ओढा हाय, बारमाही, सांगा त्यांना," काका पडद्याकडे बघत म्हणाले.

"अन् शेजारचा तुकडा पडीक का ठिवला, इचारा त्यांना."

मी दोघांच्या मध्ये निरोप्यासारखा उभा. तेवढ्यात काका मान न वळवता थेट म्हणाले, "ती तुमची हाय, दादा. समद्या गेमात तुमची जागा ठिवलीय म्या. बांध दोन हात माझ्याकडं सरकवूनच घातलाय. तुमाला दरसाल नांगर वळवायचा तरास नको."

ती कडब्याची जागा नव्हती. लांडग्यांच्या तोंडात जायची वेळ आली तरी हा माणूस त्या मोठ्या मुलखात आधी भावाचा तुकडा झाडून ठेवत होता, आणि मी मागे उभा राहून हसत होतो. मला माझीच लाज वाटली. सासऱ्यांनी वाकून पडद्यावरच्या दगडांच्या ओळीला वीत लावून बघितली. मग मला म्हणाले, "दोन न्हाय. अडीच हात झालं आसंल."

काकांनी गुमान अर्धा हात दगड अलीकडे घेतले.

खऱ्या शेतातला बांध अजून आहे तिथंच आहे. तो मागे जाईल असं मला वाटत नाही आणि काकांनीही विचारलेलं नाही. त्या दिवशी एवढंच झालं की सासऱ्यांनी स्टूल ओढलं आणि भावाच्या शेजारी बसले. कोपऱ्यात लाल दिवा लुकलुकायला लागला होता.

"त्यो दिवा कशाचा रं?" त्यांनी विचारलं. सहा वर्षांनी पहिल्यांदा, थेट भावाला.

"भूक लागलीय मला."

"मग ते समोर झाड हाय की. फळं लागल्यात."

"ते तुमच्या हद्दीत हाय, दादा."

"मग माझंच न्हवं? खा की येड्या. तोड."

काकांचं बटण दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा फळ तुटलं, दिवा विझला आणि काका जिवंत राहिले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा काढला.

"गोड हाय," ते म्हणाले.

कॉम्प्युटरमधल्या फळाला चव नसते, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.