आन्सेल्मोचा हात

तान एस्का घाबरली असं कुणी सांगितलं असतं, तर आमचं इनालाहान गाव हसलं असतं. वडीलधाऱ्या बाईला आम्ही मानानं 'तान' म्हणतो. वादळात छप्पर उडालं तेव्हा ही बाई उरलेल्या भिंतीच्या आडोशाला चूल मांडून भात शिजवत होती. खुराड्यात साप शिरला की कोयत्यानं दोन तुकडे. आमच्या बेटावर हे तपकिरी साप माजलेले. रानातली पाखरं त्यांनीच संपवली. पण माणसाला त्यांचं काय भय? तिचा मुलगा लिआंद्रो बोट नाचवून सांगायचा, "मला चावला होता की! जरा खाजलं. हातातली बिअरसुद्धा संपवली मी."

"तुझ्या रक्तानं सापच झिंगला असेल," तान एस्का म्हणायची.

त्या पहाटे चर्चमध्ये मिस्सेला जाताना मी तिला बोलवायला गेले. लिआंद्रो मासेमारीला गेलेला, त्याची बायको हॉटेलात कामावर. तान एस्का तान्ह्या नातवाला, आन्सेल्मोला, छातीशी धरून दारात उभी होती. बाळ किंचाळत होतं. त्याचा हात फुगून काळानिळा झालेला, वर बारीक ठिपके.

"आधीच्या माणसांनी चिमटे काढलेत गं पोरी," ती कुजबुजली. "काल लिआंद्रोनं वडापाशी बांबू तोडला. परवानगी मागितली नाही मेल्यानं! चल, आधी माफी मागू."

पाद्रीबाबांना हे खपत नाही. पण त्या वडाखालून जाताना मीसुद्धा तिथं राहणाऱ्या पूर्वजांना विचारूनच पाऊल टाकते. क्रूसाची खूण करून मी तिच्यामागे निघाले.

"आजी, आजोबा, लेकरू आहे हो! राग आमच्यावर काढा," ती पारंब्यांपुढे विनवत होती. बाळाचं रडणं बारीक होत थांबलं.

"ऐकलं त्यांनी. झोपला बघ."

पण पापण्या अर्धवट लोंबत होत्या. मान लुळी. घशात घरघर.

"गार पडलाय गं. दुलई आण, धाव!"

मी धावत घरी गेले. पाळण्यातली दुलई ओढली, तर ती जड लागली. घडीतून एक लांब, तपकिरी अंग सरकलं आणि पाळण्याच्या गजाला वेटोळं घालून राहिलं. मांजराच्या डोळ्यांसारख्या उभ्या बाहुल्यांनी ते माझ्याकडे बघत होतं.

"साप! तान, साप चावलाय त्याला!" मी ओरडत वडाकडे धावले.

मी आमचा पिकअप ट्रक कसा हाकला, देवाला ठाऊक. प्रत्येक वळणावर ती विचारत होती, "श्वास घेतोय ना गं? मला ऐकू येत नाही. तू ऐक ना!" मला इंजिनाखेरीज काही ऐकू येत नव्हतं.

दवाखान्यात त्याच्या घशात नळी घातली. डॉक्टरीण म्हणाली, "मोठ्या माणसाला सूज येते, खाज सुटते. एवढ्याशा जिवाचा श्वासच थांबतो. या सापाचे विषारी दात जबड्याच्या मागे असतात. म्हणून तो चावत राहतो, चघळत राहतो."

"किती वेळ?" तान एस्कानं विचारलं. "मी शेजारच्याच खोलीत तांदूळ धूत होते. तो किती वेळ चघळत होता?"

डॉक्टरीण वाकून नळीवरची पट्टी नीट करू लागली.

दुसऱ्या दिवशी नळी काढली. आम्ही सगळे त्या छातीकडे बघत उभे होतो. ती हलली. मग हलेना. मग आन्सेल्मोनं भोकाड पसरलं. नर्स त्याला थोपटायला वाकली, तशी तान एस्का ओरडली, "रडू दे! कुणी गप्प करायचं नाही त्याला!"

आणि तिनं गुडघे टेकले. देवाचे आभार मानायला मीही शेजारी टेकले. ती वाकून खाटेखाली साप शोधत होती.