आत्याची तहान

वाईपर्यंत मी दम धरला. पसरणीचा घाट चढायला लागल्यावर मात्र माझं डोकं फिरलं. "दोन घोट तरी पी," म्हणत मी आत्यापुढं बाटली धरली, तर तिनं मान खिडकीकडं वळवली. दौंडला वस्तीतल्या लोकांबरोबर मिनीबसमध्ये चढतानाच तिनं जाहीर केलं होतं, की आता पाणी प्यायचं ते महाडच्या चवदार तळ्याचंच, तोवर थेंब न्हाई. सत्तरी उलटलेली बाई, साखरेची गोळी चालू, आणि हा हट्ट!

हट्टाला कारण होतं. ती लहान असताना मांडवगण फराट्यात तिची आई विहिरीशी ओंजळ धरून उभी राहायची आणि कुणीतरी वरून पाणी ओतायचं. आत्या हे सांगते ते भाजीत मीठ कमी पडलं होतं असं सांगावं तसं. मला त्याचंच जास्त लागतं. तिच्या आईचं त्या तळ्यावर जायचं राहून गेलं, ते आत्याला फेडायचं होतं.

पाचगणीत धुक्यानं रस्ता दिसेना. महाबळेश्वरात पाऊस आडवा मारत होता, वाऱ्यानं गाडी हलत होती. सगळे उतरून चहा प्याले, आत्या जागची हलली नाही. रांजणगावच्या कंपनीत साहेबांची बोलणी खाऊन मी रजा काढली होती, ती काय हिला चक्कर आली की सांभाळत बसायला?

पुढं आंबेनळी घाटात झाड आडवं पडलेलं. ड्रायव्हरमामा म्हणाले, गाडी मागं वळवतो. खरं सांगते, मला बरंच वाटलं. आत्यानं मात्र चपला हातात घेतल्या आणि ती खाली उतरली. पलीकडं महाडकडून आलेली गाडी अडकली होती, त्यांना वर महाबळेश्वरला जायचं होतं. दोन्ही ड्रायव्हरांनी बोलून माणसं बदलून घ्यायचं ठरवलं, त्यांची आमच्या गाडीत, आमची त्यांच्या. आत्या बुंध्यावर बसली, पाय पलीकडं टाकले आणि घसरत उतरली. एवढ्या पावसात ओठ घट्ट मिटलेले, चुकून थेंब आत जायला नको. काय बाई ही! मला हसू आवरेना.

तळ्याच्या पायऱ्या निसरड्या होत्या. मी तिचा दंड धरला. ती वाकली, ओंजळ भरली आणि डोळे मिटून प्याली. मग आणखी एक. माझा सगळा राग कुठल्या कुठं गेला, पोटातून माया आली तिची. मलाही प्यावंसं वाटलं. पाय घसरायला नको म्हणून मी उभ्या उभ्याच तिच्यापुढं ओंजळ केली, म्हटलं, मला पण घाल थोडं.

तिनं हातातलं पाणी तळ्यात सोडून दिलं.

"वतलेलं कशाला पिती?" ती म्हणाली. "वाक. तुझ्या हातानं घे."

मी वाकले. या खेपेला दंड तिनं धरला होता.