मामाच्या विहिरीतलं ल्युटेशियम

मी चुकत नाही, असं मला तेव्हा वाटायचं. खरं सांगू? अजूनही बऱ्यापैकी वाटतं. पण एकदा चुकले, आणि भोगलं ते अनसिंगच्या माझ्या मामीनं.

नागपुरात एका खासगी लॅबमध्ये मी माती-दगड तपासते. दगड आम्लात विरघळवायचा आणि ते पाणी यंत्रातल्या प्लाझ्मात, म्हणजे भयंकर तापलेल्या झोतात फवारायचं. तिथं प्रत्येक मूलद्रव्य आपापला ठरलेला प्रकाश टाकतं. त्यावरून कोण किती आहे ते कळतं. नवं यंत्र आलं तेव्हा मी नुकतीच मामाकडून परतले होते. त्याच्या अर्ध्या खोदलेल्या विहिरीतला काळा दगड पिशवीत होता. म्हटलं, बघू तरी! आकडा आला आणि मी खुर्चीतून उठलेच. ल्युटेशियम! दुर्मिळ मूलद्रव्यांतलंही दुर्मिळ, आणि ते मामाच्या दगडात इतकं?

लगेच फोन लावला. "मामा, तुमच्या इहिरीतला दगड साधा नाही. लय किमती हाये."

"पक्कं?"

"शंभर टक्के पक्कं!"

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय! मामानं विहिरीचं काम त्याच दिवशी थांबवलं. असा दगड सुरुंगानं फोडायचा म्हणजे लक्ष्मीला लाथ मारणं, असं त्याचं म्हणणं. विहीर खोदणारे क्रेनवाले दुसऱ्या गावी निघून गेले. विहिरीच्या भरवशावर लावलेली संत्र्याची दोनशे कलमं मात्र तिथंच होती, आणि ऊन तापायला लागलं होतं.

महिन्याभरानं मामाचा फोन आला. "शिक्क्याचा कागद दे बावा. साहेब लोकायले दाखवतो." मग बोलता बोलता म्हणाला, "तुही मामी शेजारच्या इहिरीवरून पानी वाहून राह्यली. कलमं जगली पाह्यजेत ना."

कागद तयार करायला मी सगळे आकडे पहिल्यांदाच नीट मांडले, आणि ल्युटेशियमच्या ओळीवर येऊन थांबले. ही दुर्मिळ मूलद्रव्यं म्हणजे एका ताटात जेवणारी भावंडं. दगडात एक वाढलं की शेजारचीही वाढतात. इथं बाकी सगळी यथातथाच, आणि एकटं ल्युटेशियम गब्बर! असं कसं?

मग जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. नुसत्या शुद्ध लोखंडाचं द्रावण एका बाटलीत बनवलं. त्यात ल्युटेशियमचा कणही नव्हता. ते झोतात सोडलं, तरी यंत्र म्हणालं, ल्युटेशियम आहे! लोखंडाच्या प्रकाशाच्या हजारो रेषा असतात, आणि त्यातली एक ल्युटेशियमच्या अगदी अंगाला अंग लावून असते. आपल्या काळ्या दगडात लोखंड मुबलक. लोखंडाचा उजेड मी ल्युटेशियमच्या नावावर घातला होता. यंत्राला दोष देऊन उपयोग नव्हता. नाचता येईना अंगण वाकडं, असं माझ्याबद्दल कुणी म्हणू नये.

फोनवर सांगायची लाज वाटली. चार दिवसांची रजा टाकून अनसिंगला गेले.

मामा विहिरीच्या काठावर बसला होता. मी लोखंडाच्या बाटलीची सगळी गोष्ट सांगितली आणि म्हटलं, "चुकलं मामा माह्यं. साधा दगड हाये. खोदा तुमी."

"पक्कं?"

"पक्कं."

"तवाबी पक्कंच म्हनलं होतं तुनं."

मी पिशवीतून आकड्यांचा कागद काढायला लागले.

तेवढ्यात मामी पाण्याचा रिकामा गुंड घेऊन आली. तिनं सगळं ऐकलं. पदर बाजूला करून खांदा दाखवला, सालटं निघून लाल झालेला. "तुह्या यंत्राचं चुकलं, बाई. खांदा माहा गेला. अन् तीस कलमं उन्हानं वायली ते येगळीच."

मला रडू आलं. रडत बसले नाही. गुंड तिच्या हातातून घेतला आणि शेजारच्या विहिरीची वाट धरली. मामा मुकाट्यानं क्रेनवाल्याला फोन लावत होता.

चार दिवस पाणी वाहिलं आणि सुजलेला खांदा घेऊन नागपूरला परतले. आता आमच्याकडे कुठलाही दगड येवो, आधी लोखंडाची बाटली चालते. कुणी घाई केली की मी ऐकून घेत नाही.

पंधरा-वीस दिवसांनी मामीचा फोन आला. मागून मामाचा आरडाओरडा ऐकू येत होता.

"पानी लागलं वो बाई!"

माझ्या तोंडून निघूनच गेलं, "पक्कं?"

"इहिरीत उभी हावो मी. पाय वल्ले हायेत माहे. का तुह्या यंत्राले इचारू?"