खराब निघालेली प्रत

कचेरीच्या फाटकासमोर चष्म्याच्या दुकानाला चिकटून एक अरुंद गाळा होता. दोन्ही हात पसरले तर बोटं दोन्ही भिंतींना लागावीत, एवढाच. त्यात एक झेरॉक्सचं यंत्र, एक स्टूल, कागदांची फळी आणि एकोणीस वर्षांपासून काकू. त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठी माणसंही त्यांना झेरॉक्सकाकूच म्हणायची. त्यांना स्वतःचं नाव होतं, पण ते फक्त नवरा घ्यायचा, आणि पाठीच्या दुखण्याने तो घरी बसल्यापासून त्याचंही काम 'अगं'वर भागत होतं.

कचेरीत कुठलंही काम असो, खिडकीतून एकच वाक्य यायचं, "याची एक प्रत जोडा." मग माणूस रस्ता ओलांडून काकूंकडे. ओळखपत्र, वीजबिल, जन्माचा दाखला. दिवसभर झाकण उचलायचं, कागद पालथा घालायचा, झाकण दाबायचं. संध्याकाळी टाचा भरून यायच्या आणि नखांतली काळी पूड साबणालाही दाद द्यायची नाही. एखादी प्रत तिरकी यायची, एखादी पुसट. ती टेबलाखालच्या खोक्यात जायची आणि खोकं भरलं की रद्दीवाल्याकडे. इतकी वर्षं त्या खोक्यात काय साचतं, याचा विचार करायला काकूंना उसंतच मिळाली नव्हती.

एके दुपारी चित्रकलेचे सर आले. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. काकूंच्या मुलीला त्यांनीच ब्रश धरायला शिकवलं होतं. नेहमी दोन शब्द बोलणारे सर त्या दिवशी फाईल पुढे सरकवून नुसते उभे राहिले.

"सगळ्याच्या तीन-तीन प्रती, काकू."

"काय झालं, सर?"

"माझ्या नावावर कुणीतरी कर्ज काढलंय. मी त्या कंपनीचं नावसुद्धा ऐकलेलं नाही. वसुलीवाले शेजाऱ्यांना फोन करतात. घरी सून विचारते, बाबा, खरं सांगा, पैसे कुठे घातलेत?" ते थांबले. "ती वाईट नाही हो. पण तिला माझं खरं वाटत नाही."

काकू एकेक कागद काचेवर पालथा घालत गेल्या. नोटीस, अर्ज, आणि शेवटी त्या अर्जाला जोडलेली सरांच्या ओळखपत्राची प्रत. कंपनीच्या हातापाया पडून सरांनी ती मिळवली होती. काकूंचा हात झाकणावरच राहिला. प्रतीवर वरून खालपर्यंत एक बारीक काळी रेघ होती, मध्ये नखाएवढी तुटलेली आणि सरांच्या फोटोतल्या कानावरून गेलेली.

ती रेघ त्यांची होती. मागच्या वर्षी यंत्रातल्या, कागदावर शाई उमटवणाऱ्या ड्रमला चरा पडला होता आणि नवा घ्यायची ऐपत होईपर्यंत काकूंनी दोन महिने तसंच रेटलं होतं. रेघ कडेला आली तर प्रत द्यायची, चेहऱ्यावर आली तर फेकून दुसरी काढायची. म्हणजे ही फेकलेली प्रत होती.

 काकूंनी प्रती मोजून दिल्या आणि पैसे नको म्हणाल्या. सरांनी तरीही नाणी टेबलावर ठेवली.

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. "रद्दी सगळेच विकतात," तो म्हणाला. "तू चोरी केलीस का? नाही ना? मग गप्प बस. बोललीस तर उद्यापासून कुत्रं फिरकणार नाही दुकानाकडे."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. दोन दिवस काकू तोंडात गुळणी धरून काम करत राहिल्या. तिसऱ्या दिवशी भरगर्दीच्या वेळी त्यांनी शटर ओढलं आणि सरांचं घर गाठलं.

खुर्चीच्या कडेला बसूनच त्यांनी सगळं सांगितलं. रेघ, ड्रम, खोकं, रद्दीवाला. 

"तुम्ही बोलला नसतात तर मला कधीच कळलं नसतं," सर म्हणाले.

"म्हणून तर दोन दिवस गेले, सर."

"मला राग आलाय. खूप आलाय. पण उठू नका. जरा बसा, तो जाईपर्यंत."

आतल्या दाराशी सून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती सासऱ्यांच्या शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "बाबा, मी काय काय बोलले तुम्हाला." सरांनी नुसता हात हलवला. पुढे जे काही झालं, त्यात मनासारखं म्हणावं असं एवढंच.

पोलीस ठाण्यातल्या अधिकारी बाईंनी जबाब लिहून घेतला. ड्रम बदलल्याची पावती काकूंनी जपून ठेवली होती, तिच्यावरून ती प्रत कधी निघाली ते ठरवता आलं. रद्दीवाल्याने हात वर केले. "मी किलोने घेतो, बाई. वाचत बसलो तर पोट कसं भरेल?" त्याच्या पुढे एक मोठं गोदाम निघालं. तिथे दोघेजण रद्दीतून ओळखपत्रांच्या प्रती वेचून विकायचे. सरांच्या प्रतीवर आधी कुणीतरी मोबाईलचं सिमकार्ड घेतलं होतं आणि मग त्या नंबरावर फोनवरूनच कर्ज उचललं होतं. दोघे पकडले गेले. प्रती विकत घेणारा मात्र सापडला नाही.

अधिकारी बाईंनी सरांना सांगितलं, आपल्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत ते तपासा आणि आपल्या नावावरच्या सगळ्या कर्जांचा अहवाल मागवा. अहवाल आला तेव्हा त्यात दुसऱ्याच एका कंपनीचं आणखी एक कर्ज होतं. सर ठाण्यातल्या बाकावरच बसले. काकूंनी पाण्याची बाटली पुढे केली. 

मग सुरू झाले हेलपाटे. कंपनीत फोन केला की गोड आवाज म्हणायचा, "आपली तक्रार नोंदवली आहे." पुढच्या वेळी नवा गोड आवाज पहिल्यापासून सगळं विचारायचा. काकू सरांबरोबर सात वेळा गेल्या, सातही वेळा दुकान बंद ठेवून. "तुम्ही कशाला येता?" सरांनी एकदा विचारलं. "रेघ मलाच ओळखता येते," काकू म्हणाल्या.

नवरा म्हणाला होता तसंच झालं. बातमी पसरली आणि निम्मं गिऱ्हाईक पलीकडच्या गल्लीतल्या दुकानात गेलं. तिथलंही खोकं रद्दीतच जात होतं, पण ते विचारणार कोण? काकूंनी आपलं खोकं काढून टाकलं. खराब निघालेली प्रत त्या गिऱ्हाइकाच्याच हातात द्यायच्या. "घरी नेऊन फाडा. चार तुकडे नकोत, बारीक करा." आणि चांगल्या प्रतीबरोबर पेन पुढे करायच्या. "हिच्यावर आडवं लिहा, कशासाठी दिली आणि कुठल्या तारखेला."

"काकू, माझी बस सुटेल!"

"मग लवकर लिहा."

काहीजण लिहायचे, काहीजण तोंड वाकडं करायचे. एक तरुणी तर म्हणाली, "मी काय शाळेत आलेय का?" वरून कचेरीतल्या कारकुनाने तसल्या प्रती परत पाठवायला सुरुवात केली, खाडाखोड चालत नाही म्हणून. काकू रस्ता ओलांडून त्याच्या खिडकीशी गेल्या. बरीच हुज्जत झाली. शेवटी ठरलं की चेहरा आणि नंबर मोकळा सोडून लिहायचं. त्या दिवशी परतताना काकूंना जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. डोकं मात्र ठणकत होतं.

कधी त्यांच्या स्वतःच्या फोनवरही आवाज यायचा. "तुमचं खातं बंद होणार आहे, आलेला आकडा सांगा." काकू त्याला शिव्या घालत नसत की भाषण देत नसत. फोन ठेवायच्या आणि झाकण उचलायच्या.

आठ महिन्यांनी पहिल्या कंपनीचं पत्र आलं. सदर कर्जातून आपलं नाव वगळण्यात आलं आहे. एका ओळीत संपलं. झाल्या त्रासाबद्दल त्यात चकार शब्द नव्हता. सर पत्र घेऊन दुकानात आले. काकूंनी ते दोनदा वाचलं, मग त्याच्या पाच प्रती काढल्या. न विचारता सरांनी पेन उचललं आणि प्रत्येकीवर आडवं लिहू लागले. चित्रकलेच्या मास्तरांचं अक्षर, घाईतही देखणं.

"दुसऱ्या कर्जाचं मंगळवारी बोलावलंय," लिहिता लिहिताच ते म्हणाले. "तुम्ही नाही आलात तरी चालेल आता."

"येईन," काकू म्हणाल्या. "पण आज त्याचं नाव काढू नका, सर."

सरांनी मान हलवली आणि पेनाला टोपण लावलं. मागे तीन माणसं रांगेत उभी होती. पहिल्याने आपलं ओळखपत्र पुढे केलं.