भंवरीबाईंच्या बागेतला दगड

घोडेगावच्या पेठेत रमणलालशेठच्या दुकानामागे बाग होती. बाग कसली, चार जास्वंदी आणि एक दगड. पण त्या दगडात शेठाणी भंवरीबाईंचा जीव अडकला होता. काळाभोर, घडीव, मध्ये परातीएवढा खळगा, एका कडेला पन्हळ. धरणाचं पाणी चढणार म्हणून उठलेल्या गावांतले दगड विकायला आले, त्यात शेठना तो मिळाला. "आपल्याच जैनांच्या एखाद्या देरासरातला असणार. भगवंताच्या न्हाणाचं पाणी यातून वाहत असेल," असं ते छातीठोकपणे सांगत. शेठना तूरडाळीतलं कळायचं, दगडातलं काय कळणार! पण बाईंनी मानलं, कारण त्यांना मानायचंच होतं. त्यांची लहानगी रिद्धी तापानं गेली, त्याच उन्हाळ्यात दगड आला होता. रोज सकाळी त्या पाणी गाळून खळग्यात ओतत. पाखरं पिऊन गेली की बोटं बुडवून डोळ्यांना लावत. लेकीसाठी करण्यासारखं तेवढंच उरलं होतं.

काही वर्षांनी, एका चैत्रात, दुकानात पोती उचलायला रखमाजी लागला. त्याचं गाव धरणात गेलेलं. प्यायला पाणी मागायला म्हणून मागच्या दारी आला आणि दगड पाहून त्याच्यापाशी बसला. खळग्यात बोटं बुडवून त्यानं डोळ्यांना लावली, थेट बाईंसारखी.

"ही आमच्या आईची शिळा, बाई! लई हुडकली. वाटलं, पाण्यातच ऱ्हायली."

बाईंचा चेहरा उजळला. "देवाच्या न्हाणाचीच ना?"

"न्हाई. देवीम्होरची. जत्रेला हितं बकरं कापायचं. रगत खळग्यात साचायचं, मग पन्हळीतनं आईच्या पायाशी."

बाईंनी पदरानं डोळे खसाखसा पुसले.

रखमाजीनं हात जोडले. नव्या वसाहतीत देवी बसवली होती, पण शिळेवाचून तिचा मान द्यायचा राहिला होता. त्याची दोन नातवंडं गेली ती देवी उपाशी म्हणूनच, अशी त्याची खात्री होती. तिसरं आता तापानं फणफणत होतं.

"शिळा न्हेऊ द्या, बाई."

"बकरं कापणार नाही, असा शब्द द्या."

खोटं बोलला असता तर दगड मिळाला असता. "त्योच तर मान हाय," रखमाजी म्हणाला.

"मग नाही मिळायचा. पोराला डॉक्टरकडे न्या, मी गाडी सांगते."

"डाक्टर झालं, बाई."

डॉक्टर रिद्धीचेही झाले होते. पण तिच्या पाण्याच्या जागी रक्त, हे बाईंना सोसवेना. त्यांनी त्याच दिवशी गवंडी बोलावला आणि दगड पालथा घालून सिमेंटात बसवून घेतला.

रखमाजी कामावर आला नाही. आठवडाभरानं दुकानात बातमी आली, पोर गेलं.

दगडानं पोर वाचत नाही, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. पण त्याच दगडातलं पाणी रिद्धीला पोचतं, हे त्यांनी इतकी वर्षं मानलंच होतं की! दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं पाणी गाळून त्या बागेत गेल्या. भिंतीवर चिमण्या खोळंबल्या होत्या. बाईंनी दगडाच्या सपाट पाठीवर तांब्या रिता केला, आणि पाणी चहूकडून ओघळून मातीत गेलं.